नानांचं बिनमाइकचं गाणं

माझ्या सासऱ्यांएवढा रागीट माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर मिळून दुसरा झाला नसेल. हे मी सून म्हणून सांगत नाही. सून म्हणून सांगायचं तर याहून बरंच जास्त सांगता येईल. पंचवटीतल्या आमच्या गल्लीतला दूधवाला, पोस्टमन, खालच्या मजल्यावरचे वकील आणि जिन्यात झोपणारं एक पांढरं कुत्रं, या सगळ्यांचं त्यावर एकमत होतं. नानांना सकाळी डोळे उघडल्याबरोबर राग यायचा. कशाचा, ते नंतर ठरायचं. चहा घेता घेता ते वर्तमानपत्र उघडत आणि मग त्या रागाला बसायला जागा मिळे. एखाद्या दिवशी वर्तमानपत्रात रागावण्यासारखं काहीच नसलं, तर "छापतात तरी कशाला" म्हणून ते त्याच्यावरच रागावत. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. निवृत्त होऊन घरी बसल्यावर, कालव्यांवर आणि साहेबांवर खर्च होणारा राग पूर्णवेळ आमच्या वाट्याला आला.

पण हे सगळे किरकोळ राग. नानांचा खरा, मुरलेला राग एकाच वस्तूवर होता, आणि ती म्हणजे माइक. नानांना गाण्याचं वेड होतं. स्वतः ते गात नसत, वाजवत नसत, फक्त ऐकत. तरुणपणी कुणा मित्राच्या माडीवर, सतरंजीवर दाटीवाटीनं बसून त्यांनी एका गवयाचं गाणं ऐकलं होतं. माइक नव्हता. गवयानं श्वास घेतला तरी ऐकू येत होता म्हणे. तेव्हापासून त्यांनी जगातल्या सगळ्या लाउडस्पीकरांशी वैर धरलं. "माणसाचा आवाज जिथपर्यंत पोचतो, तिथपर्यंतच माणसं बसवावीत," असं ते म्हणत. आणि असा माणूस राहायला कुठे, तर पंचवटीत, जिथे पहाटेपासून प्रत्येक देवाला स्वतंत्र भोंगा आहे.

गणपतीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी मांडव पडायचा. पहिली आरती व्हायच्या आत नाना बनियनवर, खांद्यावर पंचा टाकून तिथे हजर. "गणपतीचे कान एवढे मोठे आहेत. त्याला कर्णा लावून का ऐकवता?" हा त्यांचा प्रश्न. मंडळाच्या कार्यकर्त्यांना उत्तर सापडेना, म्हणून त्यांनी एका वर्षी नानांना मंडळाचा उपाध्यक्ष करून टाकलं. पावतीपुस्तकावर नाव छापलं. नाना दिवसभर खूश होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भर आरतीत त्यांनी उपाध्यक्षाच्या अधिकारात मेन स्विच पाडला. मांडव अंधारात, आरती अर्ध्यावर. त्याच जागी त्यांचं उपाध्यक्षपद काढून घेण्यात आलं, आणि ते काढून घेतल्याचं माइकवरून जाहीर केलं म्हणून नाना पुढे वर्षभर अध्यक्षांशी बोलले नाहीत.

सभागृहातल्या मैफिलीत तर त्यांना नेणं म्हणजे धोक्याचं काम. माझ्या लग्नाआधीची गोष्ट, आमच्याकडे अजून सांगतात. शहरात बाहेरगावचे एक नामांकित गवई आले होते. आलाप सुरू झाला आणि पुढून तिसऱ्या रांगेतून नाना उठून उभे राहिले. मागे बसलेल्या साउंडवाल्याला म्हणाले, "ते खोकं बंद कर." सभागृह गार. गवई सभ्य होते. ते हसून म्हणाले, "काका, मागच्यांना ऐकू जायला हवं ना." नाना म्हणाले, "मागच्यांनी पुढे यावं. मी आलो की नाही." शेजारी माझे यजमान बसले होते. त्या दिवसापासून हे नानांबरोबर गाण्याला गेले नाहीत. लग्न होऊन आल्यावर ती जबाबदारी माझ्याकडे आली. मी येवल्याची. घरात माग होते, त्यांच्या खटखटीत वाढलेली. खटखट थांबली तर मला झोपेतून जाग यायची. गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि बहुधा म्हणूनच माझी निवड झाली असावी.

अशा या माणसाचे कान जायला लागले. घरात ते सगळ्यांना कळलं, हळूहळू गल्लीलाही कळलं. नानांना तेवढं कळलं नाही. त्यांच्या मते लोकांनीच नीट बोलणं सोडलं होतं. "तोंडात गुळणी धरून बोलता सगळे," असं ते ओरडून सांगत. दारावरची घंटा वाजत नाही म्हणून त्यांनी ती बदलून आणली आणि नवी आणखी कुचकामी निघाली म्हणून इलेक्ट्रिशियनला घरी बोलावून झापलं. एक दिवस कुकर हातात घेऊन ते भांडी बाजारात गेले. तक्रार अशी की कुकर शिट्टी करत नाही. दुकानदारानं रबर बदललं, शिट्टी बदलली, दुकानातल्या गॅसवर ठेवून दाखवला आणि म्हणाला, "बघा, झाली." नाना म्हणाले, "कधी?" दुकानदारानं पुन्हा दाखवला. नाना पुन्हा म्हणाले, "कधी?" शेवटी नाना नवा कुकर घेऊन घरी आले, आणि तोही मुकाच निघाला. "हल्लीच्या कंपन्या शिट्टीतसुद्धा पत्रा वाचवतात," असा निकाल देऊन त्यांनी तो विषय रागारागानं मिटवला. मधल्या काळात आमचा भात रोज करपत होता, कारण शिट्ट्या मोजायचं काम नानांनी स्वतःकडे घेतलं होतं.

हे कसेबसे त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. तपासणी झाली. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, "काळजीचं काही नाही, यंत्र लावलं की झालं." नानांनी विचारलं, "काय असतं त्या यंत्रात?" डॉक्टर म्हणाला, "विशेष काही नाही हो. एक छोटा माइक आणि एक छोटा स्पीकर." हे मला नंतर सांगत होते की, त्या क्षणी उठून डॉक्टरच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. नाना उभे राहिले. "ज्याला मी आयुष्यभर घराबाहेर ठेवला, त्याला आता कानात घेऊ?" एवढंच म्हणून ते चालू लागले आणि पंचवटीपर्यंत पायी आले. वाटेत रिक्षावाल्यांनी मारलेले हॉर्न त्यांना ऐकू आले नाहीत, म्हणून रिक्षावाल्यांच्याही शिव्या खाल्ल्या. त्याही ऐकू आल्या नाहीत.

संध्याकाळी रेडिओवर शास्त्रीय संगीत लागायचं. रेडिओचा आवाज वाढवणं तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून नाना खुर्ची पुढे ओढत. दर वर्षी ती खुर्ची थोडी थोडी पुढे येत गेली. शेवटी शेवटी ते रेडिओच्या जाळीला गाल लावूनच बसत. तेवढा वेळ त्यांच्या चेहऱ्यावर राग नसे. सासूबाई, म्हणजे आई, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत. घरात त्यांना मी कधी बसून गाणं ऐकताना पाहिलं नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका रविवारच्या पुरवणीत कुणा प्रवाशाचा लेख आला. हिमाचलमधल्या एका डोंगराळ गावात दिवाळीनंतर संगीताचा उत्सव असतो. देवदारांच्या मधोमध जुनं देऊळ, त्याच्या अंगणात गाणं होतं. माइक नाही, झगमगाट नाही, सूर थेट समोरच्या डोंगराला जाऊन भिडतो, असं त्यात लिहिलेलं. नानांनी तो लेख आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवला. आनंदाची बातमी होती, पण वाचली रागानंच. "बघा. माणसं राहतात अजून. डोंगरात जाऊन राहिलीत, काय करतील? तुमच्यात कशी राहतील?" त्याच दुपारी ठरलं, या दिवाळीला जायचं.

नाना तोवर महाराष्ट्राबाहेर गेलेले नव्हते. पण डोंगराचं कुणी काही सांगू लागलं की ते भडकत. "डोंगर मला शिकवू नका. मी सर्व्हेला हरसूलला तंबूत राहिलोय." गरम कपड्यांचा विषय काढला, तर नाशिकची थंडी सोसलेल्या माणसाला हिमालय काय दाखवणार, म्हणून उडवून लावत. पुढचे तीन महिने रोज संध्याकाळी आमच्याकडे प्रवासाची बैठक बसे आणि भांडणात उठे. नानांनी ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईनं सगळ्या वाटेचा नकाशा काढला. त्यात चढउताराच्या रेषा होत्या, नद्या होत्या, पूल होते. गाडी कुठे बदलायची ते मात्र राहून गेलं होतं. ते यांनी दाखवून दिल्यावर नाना दोन दिवस जेवताना ताटाकडे बघून जेवले. तिकिटं काढायला ते नाशिकरोडला स्वतः गेले. खिडकीतला क्लार्क काचेमागून माइकवर बोलत होता. "मध्ये काच कशाला? मी चावतो का?" इथून सुरुवात झाली. रांगेतल्या लोकांनीच शेवटी नानांचा फॉर्म भरला, पुढे सरकवला आणि तिकिटं त्यांच्या हातात ठेवून त्यांना बाहेर नेऊन सोडलं.

यांना रजा मिळाली नाही. मी शाळेत शिकवते, मला दिवाळीची सुट्टी होती. तेव्हा नाना, आई आणि मी असं जायचं ठरलं; मुलीला येवल्याला माझ्या माहेरी ठेवायचं. मग खाण्याचा विषय निघाला. आईंनी चिवड्याचे पोहे वाळत घातले होते. नाना म्हणाले, "चिवडा नाही. कार्यक्रमात कुरकुर वाजेल असं काहीही घ्यायचं नाही." चिवडा गेला, शंकरपाळे गेले, शेव गेली, दशम्या राहिल्या. कागदाचं पुडकं वाजतं म्हणून दशम्या फडक्यात. मग नानांची नजर आईंच्या हातांकडे गेली. "आणि तू त्या काचेच्या बांगड्या काढून ठेव. वाजतात."

आई पीठ मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्हाला ऐकू येतात?"

"काय?"

"काही नाही," आई म्हणाल्या. बांगड्या राहिल्या.

निघायच्या आधी तिथे खरंच माइक नाही ना, याची खात्री करून घ्यायची नानांना गरज वाटली. वर्तमानपत्रावर त्यांचा विश्वास नव्हता. कुठून कुठून चौकशी करून उत्सवाच्या व्यवस्थापकाचा फोन नंबर मिळवला आणि एसटीडी बूथ गाठला. काचेच्या खोलीत दुसरं कुणी आलेलं चालायचं नाही, म्हणून मी बाहेर उभी. काच बंद असूनही नाना सगळ्या रांगेला ऐकू येत होते. "हां, नासिक से बोल रहा हूँ. माइक, माइक का पूछना है. माइक. लाउडस्पीकर. चाहिए क्या? नहीं चाहिए ना? नहीं चाहिए? पक्का?" बाहेर आले तेव्हा रिसीव्हर दाबून दाबून कान लाल आणि चेहरा उजळलेला. "स्पष्ट म्हणाला, नहीं चाहिए जी. दोनदा म्हणाला."

दिवाळी झाली आणि आम्ही निघालो. गाडीत काय काय झालं ते सगळं सांगत नाही. एवढंच सांगते की, दिल्ली यायच्या आत आमच्या डब्यातली दोन कुटुंबं जागा बदलून गेली. शेवटचा टप्पा बसचा होता. डोंगराच्या कडेकडेनं रस्ता, खाली नदी, आणि ड्रायव्हरनं टेप लावलेला. असा टेप मी जन्मात ऐकला नव्हता. स्पीकर बरोबर आमच्या डोक्यावर, खिडकीच्या काचा थरथरत होत्या. आईंनी पदर कानावर घेतला. मी जीव मुठीत धरून नानांकडे बघत होते. आता हे उठणार, ड्रायव्हरची कॉलर धरणार आणि बस दरीत जाणार. नाना खिडकीतून बाहेर बघत होते. बराच वेळ गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस सूनबाई, इथले ड्रायव्हरसुद्धा किती सभ्य आहेत." मी आईंकडे पाहिलं. आई दुसरीकडे बघत होत्या. मला हसू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.

देऊळ लेखात लिहिलं होतं तसंच होतं. काळ्या लाकडाचं, उतरत्या छपराचं, चारी बाजूंनी देवदार. आणि अंगणाच्या चारी कोपऱ्यांत, माणसाहून उंच, काळे स्पीकर एकावर एक रचायचं काम चाललं होतं. नाना फाटकातच थांबले. डोक्यावर हिमाचली टोपी घातलेले एक गोरेपान गृहस्थ लगबगीनं पुढे आले. व्यवस्थापक तेच. नाशिकहून आलो म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. हात जोडून म्हणाले, "अरे, आप वही नासिक के साउंडवाले हैं ना? मैंने तो फोन पर कह दिया था जी, नहीं चाहिए. हमारा बुक हो चुका है. आप इतनी दूर से सामान लेकर आ भी गए?"

नानांना हे ऐकू आलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या कानाशी जाऊन, जमेल तेवढं गुळगुळीत करून सांगितलं. नाना वळून चालू लागले. त्यांना गप्प झालेलं मी पहिल्यांदा पाहत होते, आणि त्याची मला जास्त भीती वाटली. धर्मशाळेच्या खोलीत पोचेपर्यंत ते गप्प होते. तिथे मात्र सुटले. हा देश, हे सरकार, वर्तमानपत्रं, हिमाचल, टोपीवाला, आणि त्याला फोन जोडून देणारा बूथवाला, सगळ्यांचा उद्धार झाला. लाकडी भिंतींपलीकडच्या खोल्यांमधून माणसं बाहेर येऊन बघू लागली. शेवटी नाना म्हणाले, "सामान बांधा. सकाळच्या बसनं परत."

आई ट्रंकेवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी येणार नाही."

"काय?"

इतकी वर्षं या प्रश्नाला आईंचं उत्तर ठरलेलं होतं. पण त्या उठल्या, नानांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं अशा आवाजात म्हणाल्या, "मी येणार नाही म्हणते. तुमच्याबरोबर जन्मभर गाण्याला आले आणि तुमची भांडणं ऐकून परत गेले. तुम्ही उठून उभे राहिलात की मी पदरात तोंड लपवून बसायची. गाणं कधी ऐकू दिलंत? उद्या सकाळी कुणी एक बाई गाणार आहेत म्हणे. ते मी बसून ऐकणार आहे. माइकवर गाऊ देत, नाहीतर भोंग्यावर गाऊ देत. आणि तुमचे कान गेलेत. सगळ्या पंचवटीला माहीत आहे."

खोलीत शांतता झाली. पलीकडच्या खोलीतही झाली. 

"ओरडतेस कशाला?" नाना म्हणाले. "मला ऐकू येतं."

मग ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले आणि रजई डोक्यावरून घेतली.

संध्याकाळच्या कार्यक्रमाला आम्ही दोघीच गेलो. गाणं चांगलं होतं असं आई म्हणाल्या. मला स्पीकरच्या धक्क्यानं छातीत धडधडल्याचंच आठवतं. परत आलो तर नाना खाटेवर बसलेले. म्हणाले, "तबलजी घाई करत होता."

"तुम्ही आला होतात?" मी त्यांच्या जवळ जाऊन विचारलं.

"मी कशाला येऊ? इथे येत होतं सगळं. ऐकायचं नव्हतं तरी ऐकावं लागलं. हाच तर माझा मुद्दा आहे."

बाहेर हाडं गोठतील अशी थंडी होती, तरी खाट खिडकीशी ओढलेली आणि खिडकी सताड उघडी होती. ती मी न बोलता लावून घेतली.

त्या रात्री वादळ झालं. सकाळी उठलो तर गावातली वीज गेलेली. खाली कुठेतरी खांब पडला होता, आणि देवळामागचा जनरेटर थंडीनं सुरू होत नव्हता. व्यवस्थापक टोपी हातात घेऊन इकडून तिकडे धावत होते. ज्या बाई गाणार होत्या त्या वयस्क, बारीक चणीच्या, शाल घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं, असंच गाते, लोकांना जवळ बोलवा. आणि लोक खरोखरच सतरंज्यांवरून सरकत सरकत पुढे आले. मागचे पुढे आले. ही बातमी सांगायला मी धर्मशाळेकडे निघाले, तर नाना वाटेतच भेटले. दाढी केलेली, ठेवणीतला कोट घातलेला. अंगणात येताच व्यवस्थापकांचा हात धरून त्यांनी इतक्या जोरात हलवला की व्यवस्थापकांच्या हातातली टोपी पडली. "अच्छा हुआ," नाना म्हणाले, "बहुत अच्छा हुआ." ते बिचारे काय समजले, देव जाणे. नाना पहिल्या रांगेत जाऊन बसले, आईंच्या शेजारी. थंडीनं नाक लाल झालेलं, तरी माकडटोपी काढून मांडीवर ठेवली, कान मोकळे राहावेत म्हणून.

तंबोरे लागले. बाईंनी डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. आवाज अगदी बारीक. आमच्याकडे येवल्याला माग थांबवून रेशमाचा एकच धागा उजेडात धरून बघतात, तसं काहीतरी मला वाटलं. माझ्यासारखीला, जिला काही कळत नाही तिला, श्वास जोरात घ्यायची भीती वाटू लागली. देवदारांतून थेंब पडत होते, तेही ऐकू येत होते.

नाना वाट बघत होते. त्यांचे डोळे बाईंच्या ओठांवर होते, आणि ओठ जेमतेम हलत होते. थोड्या वेळानं ते माझ्याकडे झुकले आणि, त्यांच्या समजुतीप्रमाणे हळूच, विचारलं, "सुरू झालं का?"

सगळ्या अंगणाला ते ऐकू गेलं. मागे कुणीतरी हसलं. बाईंनी डोळे उघडले नाहीत. मी मानेनं हो म्हटलं. नाना पुन्हा समोर बघू लागले. मग त्यांनी हात उचलला आणि पंजा कानामागे धरला. चारचौघांत त्यांनी असं केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. थोडा वेळ धरला, आणि खाली घेतला. आता ते उठणार, "तोंडात गुळणी धरून गाते" म्हणून ओरडणार, या भीतीनं मी त्यांच्या कोटाचं टोक धरून ठेवलं. मला आधीच राग आला होता. त्यांचा, त्या स्पीकरवाल्यांचा, विजेच्या खांबाचा, कुणाचा ते मला सांगता येणार नाही. पण नाना उठले नाहीत. त्यांनी एकदा आजूबाजूच्या माणसांकडे पाहिलं. सगळ्यांचे चेहरे समोर लागलेले. मग त्यांनी आईंकडे पाहिलं. आई मांडी घालून, हात ओटीत ठेवून, डोळे मिटून बसल्या होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. गाणं संपेपर्यंत नाना आईंकडेच बघत बसले होते.

खाली धर्मशाळेकडे यायची वाट अरुंद आणि ओली होती. नाना पुढे, मागे आई, त्यांच्यामागे मी. मध्येच नाना थांबले आणि आईंना म्हणाले, "कसं झालं?"

आईंनी सांगायला सुरुवात केली. नानांनी मान वाकवली, कान जवळ आणला. "इथे बोल," म्हणाले. मग आईंनी त्या डोंगराच्या वाटेवर मोठ्या आवाजात सांगितलं, "आधी बराच वेळ खालीच होती. सकाळी उठून आपण घर झाडून घेतो ना, कोपरे न् कोपरे, तसं."

"मग?"

"मग एकदा वर गेली. आणि वरून सगळं बघितलं तिनं."

"कुठल्या सुरावर थांबली?"

"ते मला कसं सांगता येईल? पण तिथे रडू आलं."

"मग म्हणून दाखव."

आई माझ्याकडे बघून संकोचल्या. मी चपलेत खडा गेल्याचं निमित्त करून मागे राहिले. पाठीवर लाकडं घेतलेल्या दोन बायका वर येत होत्या, त्याही थांबल्या. आईंनी नानांच्या कानाला तोंड लावून ती ओळ म्हटली, मोठ्यानं. बेसूर म्हटली, हे मलाही कळलं. नाना डोळे मिटून ऐकत होते. "हं," म्हणाले. "असं होय." आणि चालू लागले.

नाशिकला आल्यावर आठवड्याच्या आत ते आपणहून डॉक्टरकडे गेले आणि यंत्र घेऊन आले. त्यानं त्यांचा राग कमी होईल असं आम्हाला वाटलं होतं. उलट आता सगळं ऐकू येऊ लागलं. "कुकरला एवढं किंचाळायची काय गरज आहे?" इथून सुरुवात झाली ती गल्लीतल्या पांढऱ्या कुत्र्यापर्यंत गेली. गणपतीच्या दिवसांत ते यंत्र काढून डबीत ठेवत आणि मांडवावरून मान ताठ करून जात. आई काही सांगायला आल्या तरीही ते यंत्र काढत आणि कान पुढे करत. "इथे बोल." हे असं का, ते मी कधी विचारलं नाही.

नाना गेल्याला आता काही वर्षं झाली. हल्ली आमच्या घरात कुणी रागावत नाही. मुलगी कानात इअरफोनची बोंडं घालून तिच्या खोलीत काही ऐकत असते, हे पहिल्यापासूनच कमी बोलतात. मी आणि आई मात्र अजून समोरच्या माणसाकडे पूर्ण तोंड करून, एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं बोलतो. शाळेतल्या नव्या शिक्षिका मला घाबरून असतात. मी सारखी रागावलेली असते, असं त्यांनी आपसांत ठरवून टाकलंय. परवा संध्याकाळी शेजारीण दार वाजवून आत आली आणि हळूच विचारू लागली, सासूसुनांचं काही बिनसलंय का. आम्ही दोघी स्वयंपाकघरात, एकमेकींपासून हातभर अंतरावर उभ्या होतो.

आई म्हणाल्या, "नाही हो. आमटीत मीठ घातलं का, ते विचारत होते."

शेजारीण गेली. आम्ही दोघींनी आवाज कमी केला. मी काहीतरी बोलले, आईंनी काहीतरी उत्तर दिलं, आणि थोडा वेळ दोघींनाही एकमेकींचं नीट ऐकू आलं नाही.